दाराच्या पोटातलं पाणी: जुन्या गाडीच्या काचांची रबरं बदलताना

पावसाळ्यात दार उघडताना आतून चुबुक असा आवाज आला, की समजावं, दारात पाणी साठलंय. आमच्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनी गाडीत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा सगळा दोष रबरांना दिला आणि चारही दारांची रबरं बदलून टाकली. आवाज गेला नाही. उलट पुढच्या पावसात पायाखालची मॅटही भिजली. शेवटी नौपाड्यात काचा बसवणारे एक वयस्कर काका आले. त्यांनी दाराच्या तळाखाली बोटं फिरवली, एका भोकात तार घातली आणि पाव बादली काळं पाणी भसकन रस्त्यावर आलं. "दार ओलं व्हायलाच बनवलेलं असतं," ते म्हणाले. "पाणी आत येणारच. बाहेर कुठून जातं ते आधी बघायचं, मग रबर."

ते वाक्य मी आजही धरून आहे. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतलीय किंवा वडिलांची, काकांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. उदाहरणं पद्मिनीची आहेत, कारण माझा हात तिच्यावर बसला. पण अॅम्बेसेडर असो की दारं उलटी उघडणारी डुक्कर फियाट, पाण्याचा स्वभाव तोच.

वेळेचं एक आधीच सांगतो. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत मोसमी पाऊस दाखल व्हायची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे हे काम एप्रिल-मे मधलं. उन्हात रबर मऊ असतं, हातात वळतं, आणि उघडा केलेला पत्रा कोरडा राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुढची काच काढून बसू नका.

कुठलं रबर काय करतं

"काचेचं रबर" असं आपण एका दमात म्हणतो, पण ती चार-पाच वेगळी माणसं आहेत. दाराची काच ज्या फटीतून वर येते, त्या फटीच्या बाहेरच्या अंगाला रबराची पट्टी असते आणि आतल्या अंगाला बहुतेक वेळा लव असलेली पट्टी. दोघी मिळून काच पुसतात. काच ज्यात सरकते ते यू आकाराचं फेल्ट चॅनल (आतून लोकरीसारखं मऊ अस्तर, म्हणजे फेल्ट, लावलेली रबरी खाच), पुढून, वरून आणि मागून. दार लावल्यावर जे दबतं ते चौकटीभोवतीचं बीडिंग. पद्मिनीच्या पुढच्या दारात वाऱ्यासाठी फिरणारी त्रिकोणी काच आहे, तिचं रबर निराळं. आणि पुढची-मागची मोठी काच एका जाड गॅस्केटमध्ये बसते. त्याच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड.

यातली बाहेरची पट्टी कितीही नवी असली तरी काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते तळाच्या भोकांतून निघून जावं अशी रचना आहे. आणि ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून दाराच्या पॅडमागे (आतून लावलेल्या पुठ्ठ्याच्या आवरणामागे) एक कागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा लावलेला असतो. जुन्या गाड्यांत हा पडदा हमखास फाटलेला असतो, नाहीतर कुणा मेकॅनिकने काढून फेकलेला. मॅट ओली होते ती बहुतेक वेळा याच्यामुळे.

रबर खराब का होतं तेही समजून घ्या, म्हणजे बघताना नजर कुठे जायला हवी ते कळेल. ऊन त्याला कडक करतं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर आधी हल्ला करतो, म्हणून भेगा सरळ भागात नाही, वळणांवर दिसतात, आणि ताणाला आडव्या. नखाने दाबा. खड्डा पटकन भरून आला तर रबर जिवंत आहे. नख उमटून राहिलं, किंवा काळी पूड हाताला लागली, तर त्याचे दिवस भरले.

आधी गळती शोधा

इथे घाई करू नका. अख्खी दुपार गेली तरी चालेल.

गाडी कोरडी करा, मॅट आणि खालचं जाजम काढा, उघड्या पत्र्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरा. ओला कागद लगेच रंग बदलतो, त्यामुळे पहिला थेंब कुठे पडला ते चुकत नाही. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून पाणी सोडेल. सोसायटीत मे महिन्यात पाइप लावून गाडीवर पाणी सोडणं शोभत नाही, आणि गरजही नाही. झाडांना पाणी घालायची झारी पुरते. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. तो धडधाकट रबराच्या आतूनही पाणी घुसवतो आणि तुम्ही भलत्याच जागी शोधत बसता.

पाणी खालून वर या क्रमाने सोडायचं. आधी काचेची खालची कड, दोन-तीन मिनिटं एकाच जागी. मग बाजू. सगळ्यात शेवटी वरची कड आणि छताची पन्हळ. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. पुढच्या पायथ्याशी पाणी दिसलं की लोक काचेच्या गॅस्केटला धरतात, पण ते बॉनेट आणि काचेमधल्या हवेच्या जाळीतून, किंवा वायर जिथून आत येते त्या रबरी बुचातूनही आलेलं असू शकतं. त्या जागा निराळ्या तपासा.

दाराच्या बीडिंगसाठी पाणी लागतच नाही. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी दार आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. वीतभर अंतराने ही चाचणी पूर्ण दाराभोवती करा. जिथे पट्टी सहज सरकून येते तिथे बीडिंग दबत नाहीय. कधीकधी बीडिंग चांगलं असतं आणि दारच बिजागरीत उतरलेलं असतं. मग नवं रबर घालून काही होत नाही, आधी दार वर घ्यावं लागतं. हे काम डेंटरकडे द्या.

रबर घेताना

जुनं रबर फेकू नका. बारातेरा सेंटिमीटरचा तुकडा, जमलं तर वळणाजवळचा, कापून पिशवीत ठेवा आणि तो घेऊनच दुकानात जा. आडवा काप समोरासमोर धरून बघा: खाचेची रुंदी, ओठाची जाडी, उंची. नावावर जाऊ नका. "पद्मिनीचंच आहे" असं सांगून भलताच काट (म्हणजे आडव्या कापाचा आकार) हातात पडतो. लांबी सुतळीने मोजा, सुतळी खाचेत दाबत दाबत फिरवा आणि वर दहा टक्के धरा.

कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा सुट्या भागांचा बाजार, ही दोन ठिकाणं मी आधी पालथी घालतो. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सीच्या गिऱ्हाइकीवर टिकून असलेला माल आता पूर्वीसारखा सहज हाती लागत नाही. म्हणून कुणी पुडक्यातलं "कंपनीचं, न वापरलेलं" रबर काढून दाखवलं की मोह होतो. मोहात पडू नका. रबर कपाटातही म्हातारं होतं. वाकवून बघा, वळणावर बारीक रेषा उमटल्या तर परत करा. त्यापेक्षा आजचं ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर घ्या, जुन्या काटाचं नेमकं. ऊन, पाऊस आणि ओझोन यांना ते चांगलं टिकतं. त्याला वावडं आहे पेट्रोल आणि तेलाचं, हे मात्र लक्षात ठेवा.

काट कुठेच मिळाला नाही तर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रबराच्या पट्ट्या ओतून काढणाऱ्यांकडे नमुना घेऊन जाता येतं. साचा करायचा तर ते एका गाडीपुरता माल काढत नाहीत, म्हणून त्याच मॉडेलच्या चार-पाच मालकांनी मिळून जावं.

दार उघडा

काच खाली करायच्या हँडलमागची चकती आत दाबली की पिन किंवा तारेची क्लिप दिसते. पिन असेल तर बारीक पंचने ठोकून काढा, क्लिप असेल तर जाड कापडाची पट्टी मागून घालून दोन्ही बाजूंनी ओढा, ती सुटते. क्लिप उडून हरवते, म्हणून खाली चादर अंथरा. पॅडच्या क्लिपा कडेकडेने, रुंद पट्टीने उचलायच्या. एकाच जागी ओढलं तर जुना पुठ्ठा फाटतो, आणि तसा पुठ्ठा पुन्हा कापून घेणं हे वेगळंच काम होऊन बसतं. हातात मोजे घाला. दाराच्या आतला कापीव पत्रा पात्यासारखा असतो.

आता तळाची भोकं. प्रत्येक दाराला दोन-तीन तरी असतात, अगदी खालच्या शिवणीत. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्याची बारीक पानं काचेच्या फटीतून आत जातात, तळाशी कुजतात, त्यात धूळ मिसळते आणि भोकांवर घट्ट लेप बसतो. हा गाळ आधी हाताने आणि जुन्या टूथब्रशने काढा, मग भोकातून बाहेरून आत तार फिरवा. भोक ड्रिलने मोठं करू नका, उघड्या पडलेल्या कडेवर गंज लगेच धरतो. मग एक तांब्या पाणी दारात ओता. धार लागून निघालं पाहिजे. थेंबथेंब आलं तर अजून गाळ आहे.

दार वाळू द्या, निदान एक दिवस. तांबेरलेला पत्रा ब्रशने घासा, गंजरोधक प्रायमर लावा, त्यावर पोकळ भागांसाठी मिळतं ते मेणाचं आवरण. भोकं पुन्हा बुजली नाहीत ना ते बघा.

फेल्ट चॅनल

नवशिक्याने सुरुवात इथून करावी. साधं काम आहे आणि गाडीत बसल्यावर फरक लगेच कळतो: काच खडखडत नाही, घोडबंदर रोडवर वाऱ्याची शिट्टी ऐकू येत नाही.

काच पूर्ण खाली घ्या आणि फटीत कापड कोंबा. हातातून सुटलेला स्क्रू दारात पडला की अर्धा तास जातो. जुनं चॅनल वरच्या बाजूच्या मधोमध पकडून खाली खेचा. बहुतेक वेळा ते दाबानेच बसलेलं असतं, काही गाड्यांत चिकटवलेलं किंवा क्लिपांवर. पुढचा-मागचा उभा भाग दाराच्या आत उतरतो आणि खाली स्क्रूवर धरलेला असतो. तो सोडताना काच सैल होते, म्हणून तिला दोन लाकडी पाचरी मारून ठेवा. दाराची काच टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, असते. सपाट पृष्ठावर ती पुष्कळ सोसते, पण कडेवर स्क्रूड्रायव्हरचा एक टोला बसला तर क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून काचेजवळ धातूचं हत्यार नको. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा आणि चष्मा लावा.

रिकाम्या खाचेतली जुनी घाण आणि गंज काढून प्रायमर लावा. नवं चॅनल आधी वरच्या मागच्या कोपऱ्यात बसवा, तिथून पुढच्या कोपऱ्याकडे, मग उभे भाग खाली सोडा. कोपऱ्यावर चॅनल दुमडलं तर काच तिथेच अडते. म्हणून कोपऱ्याच्या आतल्या बाजूला लहानसा त्रिकोणी काप द्या, फेल्ट न कापता. लांबी ओढून पुरवू नका. ओढलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि खाली फट पडते. किंचित जास्त ठेवून दाबत बसवा.

खालचा स्क्रू लगेच आवळायचा नाही. काच सावकाश पूर्ण वर घ्या, चॅनलला तिची जागा सापडू द्या आणि मग आवळा. नवं फेल्ट घट्ट असतं, काच जड जाते. म्हणून कुणी त्यात ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालतात, ते करू नका. तेलकट फेल्ट धूळ धरतं, त्याचा पॉलिश पेपर होतो आणि काचेवर उभ्या रेघा पडतात. कापडावर थोडा सिलिकॉन स्प्रे घेऊन फेल्टवर पुसा. आठवड्याभरात काच सरकायला लागते. (गाडी पुढे रंगवायची असेल तर सिलिकॉन स्प्रे पत्र्यावर उडू देऊ नका, रंग त्यावर फाटतो.)

फटीच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्लिपा, स्क्रू किंवा रिव्हेट, ज्यावर असतील तशा सोडा आणि तशाच बसवा. फक्त बाहेरच्या पट्टीचा ओठ काचेला पूर्ण लांबीभर टेकतो का ते बघा.

त्यानंतर पडदा. बांधकामावर वापरतात तसं जाड पॉलिथिन घ्या, जुन्या कागदावरून किंवा पॅडवरून माप काढून कापा, कडेला ब्युटाइलची (चिकट, मऊ राहणाऱ्या रबराची) चिकटपट्टी. पडद्याची खालची कड दाराच्या खाचेतून आतल्या बाजूला सोडायची, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात पडेल. कड बाहेर ठेवलीत तर तेच पाणी पॅडमधून तुमच्या मॅटवर येईल. या पूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

त्रिकोणी काच

हिचं रबर तीन दिशांना वळतं आणि काच खिट्टीवर फिरते. वरची खिट्टी बहुधा रिव्हेटची असते, रिव्हेट उडवून पुन्हा मारावी लागते. पहिल्याच गाडीवर हे घरी करू नका. चौकट पूर्ण बाहेर काढून काचवाल्याकडे द्या. फक्त रबर डावं-उजवं बघून घ्या, उलटं बसत नाही. बसवताना ग्लिसरीन लावा. व्हॅसलीन नैसर्गिक रबराला फुगवतं.

पुढची काच

दोन माणसं लागतात, तिसरं असेल तर उत्तम. काचेला कुठे केस गेली आहे का ते आधी बघा. जुनं गॅस्केट वाचवायचा प्रयत्न करू नका. बाहेरचा ओठ पात्याने कापून काढा, मग काच आतून दोन्ही तळव्यांनी, कोपऱ्याजवळून हळूहळू रेटा. बाहेर कुणीतरी धरायला हवं.

काच निघाली की पत्र्याची कड दिसते, आणि खरी कथा तिथे असते. आमच्या गाडीला पूर्वी एका गॅरेजमध्ये गळती थांबवायला कडेने सिलिकॉनची नळी पिळली होती. व्हिनेगरसारखा वास येणारं हे सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं. ते पत्र्याला खातं, आणि वर पाणी आत कोंडून ठेवतं. खालची कड दोन जागी पापडासारखी झाली होती. तसं असेल तर थांबा, डेंटरकडून पत्रा जोडून घ्या. प्रायमर आणि रंग पूर्ण सुकल्याशिवाय पुढे जाऊ नका. गंजलेल्या कडेवर नवं गॅस्केट घातलं, तर एका पावसाचं समाधान मिळेल.

गॅस्केट तासभर उन्हात ठेवा, मग काचेवर चढवा. जोड असलाच तर तो कोपऱ्यात नको, सरळ भागात हवा. आता दुसऱ्या, पत्र्याच्या खाचेत कपडे वाळत घालायची ४-५ मिलिमीटरची नायलॉन दोरी सगळीकडून भरा. दोन्ही टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत लोंबत ठेवा. खाचेला आणि पत्र्याला पातळ साबणाचं पाणी. काच बाहेरून जागेवर टेकवा. बाहेरचा माणूस तळव्याने दाबत राहील आणि आतला एक टोक सावकाश ओढेल. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटतो. आधी खालची कड, मग बाजू, शेवटी वर. बाहेरचा हात नेहमी दोरी जिथे निघतेय तिथेच हवा. अडलं तर ओढू नका, साबणाचं पाणी घाला. काचेला बुक्की मारायची नाही.

एक दिवस बसू द्या. मग ओठ उचलून न सुकणारा ब्युटाइल मसाला रबर आणि पत्र्याच्या मध्ये भरा, आणि बाहेर आलेला त्याच मसाल्याच्या गोळीने टिपून घ्या. चमकती पट्टी असेल तर ती सगळ्यात शेवटी.

पहिल्या सरीनंतर

झारीची चाचणी पुन्हा करा, वर्तमानपत्रं अंथरून, खालून वर. पाऊस सुरू झाला की दर पंधरा दिवसांनी तार घेऊन दाराची भोकं मोकळी करा. गाडी झाडाखाली असेल तर दर आठवड्याला. प्लॅस्टिकचं कव्हर चार महिने घालून ठेवू नका, आत वाफ कोंडते आणि फेल्टला बुरशी धरते. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या आणि पाऊस थांबला की काढा. दसऱ्याला गाडी धुताना रबरांवर ग्लिसरीनचा हात फिरवा, पुन्हा एकदा मे मध्ये.

आणि जोराची पहिली सर पडून गेली की मॅट उचलून खालच्या पत्र्यावर तळहात ठेवा. कोरडा असेल तर पॅडच्या क्लिपा पक्क्या बसवून टाका. ओला असेल तर पॅड पुन्हा काढा आणि आधी पडद्याची खालची कड बघा.